वाळूवाले काका

मासे पाळणाऱ्यांत एक पोटजात अशी असते की तिला माशांत फारसा रस नसतो. आमच्या सोसायटीतले काका त्यातले. बांधकाम खात्यातून ओव्हरसिअर म्हणून निवृत्त झाले, तेव्हा बाबांचा वेळ जावा म्हणून मुलाने दोन फुटी काचेची टाकी आणून दिली. वेळ गेला, भरपूर गेला, पण सगळा टाकीच्या तळाशी गेला. तळाला घालायचं काय, हेच मुळी ठरेना.

दुकानदाराने निळ्या खड्यांची पिशवी काउंटरवर ठेवली होती. काकांनी ती उजेडात धरली आणि म्हणाले, "रंग जाईल."

"नाय जात, साहेब. गॅरंटी!"

हे वाक्य काकांनी आयुष्यभर कंत्राटदारांच्या तोंडून ऐकलेलं. त्यांनी मूठभर खडे घरी नेले, चिनीमातीच्या पांढऱ्या वाटीत रात्रभर भिजत घातले आणि सकाळी निळसर झालेलं पाणी वाटीसकट दुकानात नेऊन दाखवलं. पिशवी परत झाली. वाटी तिकडेच राहिली, त्यावरून काकू वेगळ्या बोलल्या.

मग शोध सुरू झाला. रविवारी सकाळी कुर्ल्याला शोभेच्या माशांचा बाजार भरतो. लोक तिथून फुगवलेल्या पिशव्यांत मासे घेऊन निघतात, काका पुड्यांत रेती घेऊन निघायचे. प्रत्येक पुडीवर तारीख, दुकान आणि शेरा. घरी परीक्षा ठरलेली. आधी चाळणी, ४.७५ मिलिमीटरची. खात्यात रेती आणि खडी यांची हद्द तिथेच. खडे फार मोठे असले तर फटींतून खाणं खाली जातं आणि कुजतं, आणि रेती फार बारीक असली तर घट्ट बसते. मग व्हिनेगर. थेंब टाकल्यावर फेस आला की त्यात चुनखडी आहे. पाणी बोअरसारखं जड होणार. आफ्रिकेतल्या मलावी तळ्याच्या सिक्लिडांना ते मानवतं, निऑन टेट्राला नाही.

खालच्या मजल्यावरचा मुलगा उत्साहाने म्हणाला, "काका, अलिबागला चाललोय, किनाऱ्यावरची आणू का पिशवीभर? फुकट!"

"मीठ आणि शिंपल्यांचा चुरा," काका म्हणाले. "नापास." वाळू अजून अलिबागलाच होती.

समोर इमारतीचं काम चालू होतं, तिथली क्रश सँड तर त्यांनी हातात घेतली आणि नुसती बोटांत चोळून टाकून दिली. दगड फोडून केलेली, कोपरे धारदार, निम्मी भुकटी. तळाशी चरणाऱ्या कोरी माशांच्या मिशा नाजूक असतात, त्या धारेवर झिजतात.

अखेर एक बारीक, गोल दाण्यांची नदीची रेती पसंत पडली. तिची बरणीत परीक्षा झाली: निम्मी रेती, वर पाणी, चमचाभर मीठ, जोरात हलवायचं आणि तीन तास हात लावायचा नाही. रेती खाली बसते, तिच्यावर गाळाचा थर. काका पट्टी लावून थर मोजत होते.

"किती चालतो?" मी विचारलं.

"काँक्रीटला आठ टक्क्यांपर्यंत. इथे शून्य."

"पुलाला चालतं ते माशाला चालत नाही?"

"पूल ती तोंडात घेऊन चघळत नाही."

नोकरीत असताना त्यांनी किती ट्रक कोणत्या टक्क्याला पास केले, हे सोसायटीत कोणी विचारत नाही. विचारू नये.

दोन फूट बाय एक फूट टाकीला दोन इंच थर, म्हणजे तेरा-चौदा किलो रेती. ती धुवायची तांदळासारखी, घमेल्यात थोडी थोडी घेऊन, पाणी नितळ निघेपर्यंत. नितळ कशाला म्हणायचं, हे अर्थातच काका ठरवणार. घमेल्याच्या तळाशी वर्तमानपत्र ठेवून त्यातल्या छोट्या जाहिराती वाचता आल्या तर नितळ. आमच्याकडे पाणी तासभर येतं. त्या तासात काकांच्या घरी अंघोळी व्हायच्या नाहीत. गढूळ पाणी मात्र त्यांनी वाया घालवलं नाही, सोसायटीच्या जास्वंदीला ओतलं.

एकदा कामवाल्या मावशींना त्यांची दया आली आणि त्यांनी घमेल्यात चमचाभर निरमा टाकला. काका किंचाळले म्हणतात. साबण दाण्यांच्या फटींत राहतो आणि माशांचा जीव घेतो, हे खरंच आहे. पण ती रेती कुंड्यांत ओतताना त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. पुन्हा पहिल्यापासून धुवायला मिळणार होतं.

रेती अंथरली. तिच्यावर ताटली ठेवून, ताटलीवर हळूहळू पाणी सोडलं, म्हणजे खड्डा पडत नाही. यथावकाश टेट्राही आले. आता तरी काका मासे बघतील असं वाटलं, तर महिन्याभरातच ते घमेलं घेऊन उभे: "सगळी काढून एकदा स्वच्छ धुतो."

इथे अलिबागवाल्या मुलाने सूड घेतला. म्हणाला, रेतीच्या दाण्यांवर जिवाणू राहतात, माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनिया तेच पचवतात. नळाच्या क्लोरीनच्या पाण्याने रेती धुतली की जिवाणू मरणार, मागोमाग मासे. नळीने वरचा मळ ओढून घ्यायचा, बस.

"म्हणजे ही आता धुवायचीच नाही?"

"नाही."

निवृत्तीच्या दिवशीही काका इतके निवृत्त दिसले नव्हते. त्यावर त्यांनी तोडगा काढला: गच्चीत आणखी एक पोतं, 'राखीव साठा'. ते धुणं अजून चालू आहे.

मात्र परवा त्यांनी सहा कोरी आणले आणि मला मुद्दाम बोलावून घेतलं. ते मासे तळाशी तोंड खुपसत होते, रेती आत घ्यायचे, खाण्याजोगं ठेवून बाकीची कल्ल्यांतून बाहेर सोडायचे. काका स्टूल ओढून काचेला नाक लावून बसले होते.

"बघताय ना? दाणा न् दाणा तपासतात. आमच्या खात्यात असा एक जरी असता..."

"तर तुमचं काय झालं असतं," काकू आतून म्हणाल्या, "तेही सांगा त्यांना."