दिवेकाका

काकांचं आडनाव दिवे नाही. मेंटेनन्सच्या पावतीवर वेगळंच काहीतरी छापलेलं असतं, पण सेक्रेटरी आणि पोस्टमन सोडले तर ते कुणाला आठवत नाही. टिटवाळ्याला महागणपतीच्या रस्त्यावर आमची सोसायटी. गेटवर येऊन कुणी विचारलं, "ते दिवेवाले काका कुठे राहतात?" तर वॉचमन फ्लॅट नंबर सांगत नाही. म्हणतो, "बॉनेट उघडं दिसेल तिथं बघा."

दिवा म्हणजे डॅशबोर्डवरचा तो पिवळा, चेक इंजिनचा. चित्र इंजिनाचं असतं म्हणे. माझ्या आईला तो नळ वाटतो. पहिल्यांदा लागला तेव्हा तिने विचारलं होतं, "पाणी संपलं का रे गाडीतलं?" मी हे काकांना हसत हसत सांगितलं, तर ते हसले नाहीत. "आई बरोबर बोलल्या. कूलंट बघितलंस का आधी?"

काका रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झाले. पावसात रुळांवर पाणी चढलं की ट्रॅक सर्किटचा करंट पाण्यातूनच पळ काढतो, यंत्रणेला वाटतं गाडी उभी आहे, आणि मोकळ्या लाइनीवर सिग्नल लाल होतो. ही गोष्ट त्यांनी मला चाळीसेक वेळा तरी सांगितली असेल. शेवट ठरलेला: "लाल दिसलं म्हणजे गाडी असेलच असं नाही. पण लाल दिसलं ना? मग कुणीतरी छत्री घेऊन चालत जायचं!" गाडीच्या दिव्याचंही तेच. दिवा लागला की काका छत्री घेऊन चालत येतात. ऊन असलं तरी.

हातात लाडवांचा स्टीलचा डबा असतो. त्यात मल्टिमीटर, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, जुना टूथब्रश, चार टाचण्या आणि मोबाइलला ब्लूटूथने जोडायचा एक निळा स्कॅनर. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, ते शोधायला त्यांना गुडघ्यांवर बसावं लागतं आणि गुडघे कटकन वाजतात. "हा माझा कोड," असं म्हणून ते आत शिरतात. मग अर्धा तास आपल्याला त्यांच्या चपला तेवढ्या दिसतात.

पहिला प्रश्न, "कुठल्या सालची?" २०१३ च्या एप्रिलपासून आपल्याकडच्या नव्या गाड्यांना ओबीडी-टू (बिघाड कोडमध्ये सांगणारी यंत्रणा) सक्तीचं झालं, अमेरिकेत ते १९९६ पासूनच होतं, हे सांगून झाल्याशिवाय स्कॅनर लागत नाही. त्याच्या आधीच्या गाड्यांबद्दल मात्र त्यांना वेगळीच माया. त्यांच्या पहिल्या एमपीएफआय मारुती ८०० मध्ये वायरच्या तुकड्याने दोन पिना जोडल्या की तोच पिवळा दिवा लुकलुकून आकडे सांगायचा. एकदा लुकलुक, थोडं थांबून दोनदा लुकलुक, म्हणजे बारा. आणि बारा म्हणजे सगळं ठीक! "सगळ्या जगाचे बारा वाजले की वाट लागते, आमच्या गाडीचे वाजले की आम्ही चहा प्यायचो," हा विनोद वर्षाला सरासरी सहा वेळा होतो. सोसायटीच्या पूजेत धरून सात.

काकांची एक वही आहे. तिच्यात बी-विंगमधली पांढरी, सी-विंगमधली राखाडी, कुणाला कुठला कोड कधी आला, त्या दिवशी पाऊस होता का, हे सगळं असतं. परिणामी काकांना माणसांची नावं आठवत नाहीत, कोड आठवतात. "अरे, ते पी-०३०० नाही का, त्यांच्या मुलीचं ठरलं." पी-०३०० म्हणजे इंजिन मिसफायर. मुलीच्या सासरच्यांना हे कळलेलं नाही.

माझा कोड पी-०१७१. इंग्रजीत सिस्टीम टू लीन. म्हणजे इंजिनात हवा जास्त, पेट्रोल कमी. काकांनी मोबाइलवर वाचलं आणि गंभीरपणे म्हणाले, "टिटवाळ्याची गाडी. गणपतीपुढे लीन होणारच." मी त्याआधी कल्याणच्या एका गॅरेजात गेलो होतो. तिथल्या पोराने कोड वाचला, ऑक्सिजन सेन्सर बदलावा लागेल म्हणून साडेसहा हजार सांगितले, आणि मी नको म्हटल्यावर उदार मनाने दिवा तेवढा घालवून दिला. शहाडचा पूल उतरताना मी खूश होतो. तिसऱ्या दिवशी दिवा परत.

कोड पुसला हे ऐकून काका जे भडकले! "पुरावा मिटवला मूर्खाने!" दिवा लागतो त्या क्षणी गाडीचा वेग किती, इंजिन किती तापलेलं, कितीवर फिरत होतं, हे सगळं गाडी टिपून ठेवते. त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. काका त्याला पंचनामा म्हणतात. "प्रेत उचलून फरशी धुतली आणि आता मला विचारतोस खुनी कोण!" आणि मग त्यांचं आवडतं वाक्य: "बोंब मारणारा चोर नसतो रे. ऑक्सिजन सेन्सर बिचारा सांगतोय की हवा जास्त आहे. त्यालाच काढून टाकतोस?"

रविवारी सकाळी नऊला मला डोंबिवलीला एका लग्नाला निघायचं होतं. काका म्हणाले, "वीस मिनिटं." कपडे घालून तयार असलेल्या बायकोकडे मी पाहिलं नाही.

त्यांनी इंजिन चालू ठेवायला सांगितलं. मोबाइलवर फ्युएल ट्रिम नावाचा आकडा होता, अधिक २२ टक्के. म्हणजे गाडीचा संगणक हिशेबापेक्षा इतकं जादा पेट्रोल ओतत होता. "आता अडीच हजारावर धर." मी ॲक्सिलरेटर दाबला. आकडा उतरत उतरत ६ वर आला. काकांचा चेहरा असा उजळला की जणू पत्रिका जुळली. एका जागी उभं असताना चोरटी हवा जास्त जाणवते, वेग वाढवला की ती एकूण हवेत लपते. म्हणजे सेन्सर शुद्धीवर आहे आणि भोक कुठेतरी आहे. त्यांनी खिशातून अगरबत्ती काढली.

पेट्रोलचा वास कुठे येत नाही ना, हे तीनदा हुंगून बघितलं, आणि मग पेटती अगरबत्ती इंजिनावरून, नळ्यांच्या कडेकडेने, सावकाश फिरवू लागले. धूर सरळ वर जात होता. वॉचमनने लांबूनच हात जोडले. बायकोने वरून विचारलं, "नवीन गाडी घेतली का?" आणि एका बोटभर लांबीच्या काळ्या रबरी नळीपाशी धुराची रेघ एकदम वाकली आणि आत शिरली. जशी शेवई ओढावी तशी. नळीला सांध्यापाशी केसाएवढी चीर होती. नळी साठ रुपयांना मिळाली.

लग्नात आम्ही पोचलो तेव्हा पंगत उठत होती. बायकोने त्या नळीचं नाव आजतागायत घेतलेलं नाही.

काकूंचं वेगळंच दुःख. ए-विंगमधल्या एका गाडीचं ॲव्हरेज एकदम घसरलं आणि काळा धूर येऊ लागला. काकांना संशय इंजिनाचं तापमान सांगणाऱ्या सेन्सरचा. इंजिन तापलं तरी हा सांगत राहतो की गार आहे, मग संगणक थंडीत द्यावं तसं पेट्रोल देत बसतो. चांगला सेन्सर तापेल तसा त्याचा रेझिस्टन्स उतरतो. हे तपासायचं तर गरम पाणी हवं. काकांनी चहाचं आधण चढलेलं होतं त्यातच सेन्सर सोडला, दोन वायरी मल्टिमीटरला लावल्या आणि वाचायला लागले: "अठराशे ओहम... सतराशे ऐंशी... बघ, बघ, हलतच नाहीये!" पाणी उकळेस्तोवर तीनशेच्या खाली यायला हवा होता. काकू दूध घेऊन आल्या तेव्हा पातेल्यावर हिरवट तवंग होता. तेव्हापासून घरात दोन पातेली आहेत. एकावर मार्करने लिहिलंय, 'माणसांचं'.

उंदरांशीही त्यांचं जुनं वैर. आमच्या मागे अजून गवत आणि थोडी भातशेती आहे. पाऊस लागला की उंदीर गरम इंजिनाशी येऊन बसतात आणि वायरी कुरतडतात. काका प्रत्येकाच्या बॉनेटखाली तंबाखूची पुडी बांधून ठेवतात. उंदरांचं माहीत नाही, वॉचमनची सोय झाली आहे.

एका बाबतीत मात्र ते थट्टा करत नाहीत. दिवा नुसता लागला तर ते "येतो सावकाश" म्हणतात. पण लुकलुकतोय असं कुणी फोनवर सांगितलं की आवाज बदलतो. "कडेला घे. बंद कर. आत्ता." मिसफायरमधलं न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं. मागच्या अंगारकीला रांगेतल्या गर्दीतून काका असे चपला हातात घेऊन पळाले, रायत्याच्या पुलापाशी अडकलेल्या कुणा अनोळखी माणसासाठी. दर्शन राहिलं.

गेल्या महिन्यात माझी गाडी नव्हती म्हणून काका-काकूंबरोबर त्यांच्या गाडीतून कल्याणला निघालो. मी पुढे बसलो होतो. डॅशबोर्डवर, स्पीडोमीटरच्या शेजारी, एक मरून टिकली चिकटवलेली दिसली. मोठी, गोल.

"ही काय, काका?"

काका आरशात बघू लागले. मागून काकूच बोलल्या, "मी लावली. चार वर्षं तो दिवा डोळ्यांत खुपतोय. ह्यांना सवड कुठेय?"

"अगं, नुसता ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचा आहे. पी-०१३५. मला माहीत आहे ना तो!"

"मग बदला."

"बदलायचाच आहे."

शहाडच्या पुलाशी नेहमीसारखी गर्दी होती. गाडी थांबली. काकू खिडकीबाहेर भाजी बघत होत्या. काकांनी हळूच नखाने टिकलीची कड उचलली, आत डोकावून बघितलं, आणि अंगठ्याने दाबून पुन्हा चिकटवली.