फुकटच्या वकिलांस खुले पत्र

आदरणीय वकीलसाहेब,


तुम्ही वकील नाही, हे मला ठाऊक आहे. सनद नाही, फी नाही. तरीही जुईनगरच्या आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये तुम्ही गाडीच्या कंपनीची बाजू ज्या पोटतिडकीने मांडता, ती पाहून कंपनीच्या पगारी वकिलानेही मान खाली घालावी. म्हणून ही पदवी माझ्याकडून सप्रेम भेट.

जूनमध्ये माझी नवी गाडी आली तेव्हा नारळ फोडायला तुम्हीच पुढे होतात. चाकाखाली लिंबू तुम्हीच ठेवलंत, पेढेही दोन उचललेत. मग पहिला दणदणीत पाऊस झाला. सकाळी दार उघडलं तर ओल्या गोणपाटाचा वास. मागचं मॅट उचलून कार्पेट बोटाने दाबलं, तर खालच्या फोममधून पाणी वर आलं. बारा लाख मी गाडीसाठी मोजले होते, बाथटबसाठी नाही.

सर्व्हिस सेंटरमधला मुलगा म्हणाला, "सर, दाराचं रबर नवीन आहे, सेट होईल." रबर सेट होईपर्यंत पावसाळाच संपेल, हे त्याचं गणित पक्कं होतं. जॉबकार्डवर तो 'जनरल चेकअप' लिहीत होता. 'आत पाणी शिरते' हे तीन शब्द लिहून घ्यायला मला पाऊण तास लागला. पण त्याला निदान पगार मिळतो. तुमचं काय?

पार्किंगमध्ये मी नुसता विषय काढला आणि तुम्ही चौघांदेखत माझी उलटतपासणी सुरू केलीत. काच उघडी राहिली असेल. धुताना पाइप आत मारला असेल. "बारा लाखांत मर्सिडीज हवी का?" आणि शेवटी, "दुसऱ्या कंपनीने किती दिले?" साहेब, पाणी आत येऊ नये एवढी अपेक्षा आपण फुटपाथवरच्या छत्रीकडूनही करतो. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये वस्तूच्या दर्जातली कोणतीही उणीव हा 'दोष' आहे. 'किंमत कमी असल्यास पाणी चालेल' असं पोटकलम मला सापडलं नाही. तुमच्याकडे असेल तर झेरॉक्स द्या.

अमेरिकेत सदोष निघालेल्या नव्या गाडीला 'लेमन' म्हणतात. 1982 साली कनेक्टिकट राज्याने त्यासाठी वेगळा कायदाच केला: वारंवार दुरुस्ती करूनही तोच मोठा दोष राहिला, तर गाडी बदला नाहीतर पैसे परत करा. आपल्याकडे असा खास कायदा नाही. आपण लिंबू चाकाखाली चिरडतो आणि बिघाड झाला की दृष्ट काढतो.

2010 च्या मार्चमध्ये मुंबईत शोरूममधून घरी निघालेल्या कोऱ्या नॅनोने रस्त्यातच पेट घेतला, आठवतं? अशा आणखी घटना झाल्या, बोभाटा झाला, आणि त्याच वर्षी कंपनीने जादा संरक्षक भाग मोफत बसवून देऊ केले. त्याला 'रिकॉल' मात्र म्हटलं नाही. "आमचंच चालवण्यात चुकलं असेल" म्हणून मालक गप्प बसले असते, तर तेवढंही झालं नसतं. पुढे 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात 110अ हे कलम आलं. जिवाला धोका असलेल्या दोषाबद्दल ठरावीक टक्के मालकांनी तक्रार केली, तर सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकतं. टक्का मोजायला तक्रारी लागतात, साहेब. तुम्ही पार्किंगमध्ये गप्प केलेला प्रत्येक माणूस त्या टक्क्यातून वजा होतो. एवढी मोठी सेवा, तीही बिनपगारी!

आता खासगीतलं बोलतो. परवा पहाटे दूध आणायला उतरलो, तर तुमच्या गाडीची चारही दारं सताड उघडी होती. मॉडेल तेच, रंग तेवढा वेगळा. तुम्ही मागच्या कार्पेटवर जुनी वर्तमानपत्रं पसरत होतात. मला पाहून म्हणालात, "रद्दी ठेवतोय." रद्दीतून पाणी ठिबकत होतं.

बोभाटा झाला तर गाडीची रिसेल पडेल, ही तुमची भीती मला कळते. पण उद्याच्या गिऱ्हाइकाला माझी तक्रार कळण्याआधी तुमच्या गाडीतला कुबट वास कळेल.

तेव्हा वकिली पुरे, आता अशील व्हा. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. शोरूमने लेखी तक्रारीलाही दाद दिली नाही, तर ग्राहक आयोग बेलापूरला कोकण भवनात आहे, जुईनगरहून तिसरं स्टेशन. बारा लाखांच्या गाडीसाठी फी 400 रुपये, मुदत दोन वर्षं. दोष एकच असेल तर आयोगाच्या परवानगीने अनेकांना मिळून तक्रार करता येते.

अर्जाचा मसुदा तयार आहे. माझी सही झाली आहे. खाली तुमच्यासाठी एक ओळ मोकळी ठेवली आहे.

आपला,
पार्किंगमधला शेजारी