जुना स्टार्ट मेनू आणि गेलेला डेस्कटॉप: एक मार्गदर्शिका

कॉम्प्युटर नवा, पण स्टार्ट मेनू मात्र जुनाच हवा, असा बाणा असणाऱ्यांनी ही मार्गदर्शिका छापून भिंतीला लावावी. मोबाइलमध्ये ठेवली तरी चालेल. कॉम्प्युटरमध्ये मात्र ठेवू नये, कारण गरजेच्या वेळी ती उघडणार नाही.

बाण्यात गैर काही नाही. १९९५पासून डाव्या कोपऱ्यात मुक्कामाला असलेलं बटण मायक्रोसॉफ्टने २०१२ साली विंडोज ८मधून काढून टाकलं आणि पडदाभर रंगीत चौकोन मांडले. पुढच्या वर्षी बटण परत आलं, पण दाबलं की पुन्हा तेच चौकोन. २०१५ला मेनू परतला, २०२१ला विंडोज ११ने त्याला उचलून मध्यभागी बसवलं. अशा वेळी माणसाने क्लासिक शेल, स्टार्टऑलबॅक किंवा एक्सप्लोररपॅचर अशा, जुना मेनू परत आणणाऱ्या सॉफ्टवेअरचा आसरा घेतला, तर त्याला नावं ठेवण्याचं कारण नाही. नावं ठेवायची वेळ विंडोजच्या अपडेटनंतर येते.

लक्षणं: लॉगिन झालं. आयकॉन आले, गेले. पुन्हा आले, पुन्हा गेले. टास्कबार हजेरी लावून जातो.

उपचाराआधी दोषारोप उरकून घ्यावेत. अँटिव्हायरस, धाकट्याने टाकलेला गेम, परवा गेलेली लाइट, यांची नावं क्रमाने घ्यावीत. मेनूच्या सॉफ्टवेअरचं नाव काढू नये. ते बिचारं इतके दिवस नीट चालत होतं! यानंतर डेस्कटॉपवर राइट क्लिक करून रिफ्रेश मारणे हा आपला राष्ट्रीय उपचार करावा. राइट क्लिक करायला डेस्कटॉपच शिल्लक नाही, हे इथे ध्यानात येतं. याच सुमारास कोणीतरी ‘फॉरमॅट मारू या’ म्हणतो. त्याला चहा द्यावा, पेनड्राइव्ह देऊ नये.

आता थोडं शास्त्र. डेस्कटॉप, टास्कबार आणि फोल्डरच्या खिडक्या ही सगळी एक्सप्लोरर नावाच्या एकाच प्रोग्रॅमची कामं. मेनू बदलणारी बरीच सॉफ्टवेअर आपली डीएलएल फाइल त्याच्या पोटात शिरवतात आणि आतलं नेमकं कुठलं फंक्शन कुठे आहे, याच्या अंदाजावर त्यात फेरफार करतात. अंधारात पावलं मोजत माठापर्यंत जाणाऱ्या माणसासारखं हे चालतं, आणि अपडेट म्हणजे कोणीतरी दुपारी माठ हलवलेला असतो. एक्सप्लोरर कोसळतो. विंडोज त्याला इमानदारीने पुन्हा उभं करतं, डीएलएल पुन्हा शिरते, तो पुन्हा कोसळतो. आयकॉनांची ये-जा ती हीच.

टास्क मॅनेजर मात्र वेगळा प्रोग्रॅम असल्याने या पडझडीतही उघडतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबावं. ‘रन न्यू टास्क’मध्ये जाऊन ए-पी-पी-डब्ल्यू-आय-झेड डॉट सी-पी-एल असं टाइप करावं. वडिलांना फोनवरून सांगत असाल तर ‘झेड’ झेब्र्याचा, हे आधीच स्पष्ट करावं. प्रोग्रॅमांची यादी येईल. तीत आपलं लाडकं नाव शोधून अनइन्स्टॉल करावं. इथे हात थरथरतो. साहजिक आहे.

पुराव्याशिवाय काढणार नाही, असं म्हणणाऱ्यांनी ‘रन न्यू टास्क’मधूनच इव्हेंट व्ह्यूअर उघडावा. विंडोज लॉग्ज, मग अ‍ॅप्लिकेशन, मग १००० क्रमांकाची एरर. ‘फॉल्टिंग अ‍ॅप्लिकेशन’पुढे एक्सप्लोरर दिसेल, तो फिर्यादी समजावा. आरोपी ‘फॉल्टिंग मॉड्यूल’पुढे असतो. तिथे विंडोजचीच एखादी फाइल दिसली म्हणून मेनूवाला निर्दोष ठरत नाही. खड्डा एकाने खणावा आणि पडावं दुसऱ्याने, असंही आत घडतं.

टास्क मॅनेजरनेही काम झालं नाही, तर लॉगिनच्या पडद्यावर शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करावं आणि सेफ मोडमध्ये शिरावं. काही सॉफ्टवेअर तिथे अनइन्स्टॉल होत नाहीत. मग सिस्टिम रिस्टोअर. अपडेटच काढून टाकण्याचा मोह होईल. तसं करता येतं, पण सुरक्षेच्या दुरुस्त्याही त्यासोबत जातात, आणि एका मेनूपायी कडी काढून ठेवणं मला पटत नाही.

क्लासिक शेलवाल्यांना दोन शब्द. २००९ला सुरू झालेलं ते काम कर्त्यानेच डिसेंबर २०१७मध्ये थांबवलं. विंडोज १० वरचेवर बदलतं आणि दर वेळी काहीतरी मोडतं, हे त्याने दिलेलं एक कारण. कोड त्याने खुला केला, पुढे इतरांनी ओपन-शेल चालवलं. तरीही जुनी प्रत जपून ठेवणारे आहेतच. बाकीचेही कमी नाहीत: २०२४मध्ये विंडोज ११च्या चाचणी आवृत्त्यांनी स्टार्टऑलबॅक आणि एक्सप्लोररपॅचर यांना दारातच अडवलं, तेव्हा लोकांनी फाइलचं नाव बदललं आणि त्यांना आत घेतलं. भक्ती ती हीच.

असो. अनइन्स्टॉल झाल्यावर विंडोज ११मध्ये मेनू पुन्हा मध्यभागी दिसेल. सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, टास्कबार, मग अलाइनमेंट ‘लेफ्ट’ केलं की तो निमूट डावीकडे जातो. निम्म्या लोकांची तक्रार एवढ्यावरच मिटावी. उरलेल्यांनी रन न्यू टास्कमध्ये ‘विनव्हर’ असं इंग्रजीत टाइप करून आपला बिल्ड क्रमांक पाहावा, आणि त्या बिल्डवर चालणारी आवृत्ती येईपर्यंत काहीही इन्स्टॉल करू नये. हे वाचेपर्यंत तुमचं डाउनलोड निम्म्यावर आलेलं असेल. तर मग निदान टास्क मॅनेजर आधीच उघडून ठेवा.