टोपी उतरवतं कोण?

“अगं, ऐकलंस का? त्या इ. कोलाय बॅक्टेरियांबद्दल जग काय समजत होतं, आणि निघालं काय!”

“इ. कोलाय? म्हणजे जुलाबवाले ना हो, काकू?”

“सगळे तसे नसतात गं. बरेचसे तुझ्या-माझ्या आतड्यात गुण्यागोविंदानं नांदतात. मी सांगतेय त्यांच्या आरएनएबद्दल. आपल्या पेशीतल्या एमआरएनएच्या, म्हणजे निरोप नेणाऱ्या आरएनएच्या, पुढच्या टोकाला रासायनिक टोपी असते, हे १९७५च्या सुमाराला कळलं. बॅक्टेरियांचं टोक मात्र बोडकं, तीन फॉस्फेट आणि संपलं, असंच पुस्तकांत छापलेलं. अन् २००९ साली हार्वर्डच्या डेव्हिड लिऊंच्या प्रयोगशाळेत पाहतात तर काय, त्यांच्या काही आरएनएंच्या टोकाला चक्क एनएडी!”

“हा एनएडी कोण आणखी?”

“अन्नातून ऊर्जा काढताना इलेक्ट्रॉनांची ने-आण करणारा. बी-३ जीवनसत्त्वापासून शरीर तोच तर बनवतं.”

“मग तो आरएनएच्या डोक्यावर कशाला चढून बसलाय?”

“राखणीला. मला सांग, नारळाची शेंडी काढून ठेवली तर?”

“डोळ्याकडून नासायला लागतो.”

“इथेही तसंच. आरपीपीएच नावाचं एन्झाइम त्या तीन फॉस्फेटांतले दोन उडवतं. एक उरला रे उरला, की आरएनेज-ई येऊन आरएनएचे तुकडे पाडतं. टोकाला एनएडी असला की आरपीपीएचची डाळ शिजत नाही. २०१५मध्ये हायडेलबर्गच्या आंद्रेस येश्केंच्या गटानं हे दाखवलं.”

“म्हणजे टोपीवाले अमरच झाले!”

“कसले अमर! नडसी नावाचं दुसरं एन्झाइम टपलेलं असतं. ते एनएडी मधोमध तोडतं, मागे एकच फॉस्फेट उरतो आणि पुन्हा तीच धाड.”

“स्वतःच घालायची, स्वतःच काढायची? हा काय उपद्व्याप!”

“अगं, बॅक्टेरियाचा बहुतेक निरोप मिनिटांचा सोबती. समोरची साखर संपली, तर ती पचवायचा निरोप कशाला जपून ठेवायचा? नको ते झटकन मोडता आलं पाहिजे.”

“पण त्यांना टोपी घालतं तरी कोण?”

“तिथेच तर खरी गंमत. आपल्याकडे त्या कामाला वेगळी एन्झाइमं आहेत. त्यांच्याकडे आरएनए लिहिणारं पॉलिमरेजच पहिल्या अक्षराच्या जागी एटीपी या नेहमीच्या ‘ए’ऐवजी एनएडी बसवतं. एनएडीचा अर्धा भाग अ‍ॅडेनोसिनचाच, त्यामुळे चालून जातं. अमेरिकेत रटगर्सच्या ब्राइस निकल्स आणि मंडळींनी २०१६ साली हे मांडलं. आता ‘ए’ अक्षरानं सुरू होणाऱ्यांनाच ही टोपी, त्यातही थोड्यांनाच. पेशीत एनएडी किती आहे, त्यावरही अवलंबून.”

“म्हणजे घरात काय शिल्लक आहे ते निरोपाच्या डोक्यावरच दिसतं म्हणा!”

“बरोबर ओळखलंस. आणि माणसाच्या पेशीतही एनएडीची टोपी सापडली, २०१७ साली. पण तिथे कारभार उलटा! तिथे ती आरएनएला वाचवत नाही, उलट लवकर मोडायला लावते.”

“अगंबाई! एवढ्याशा टोपीचे केवढे नखरे!”

“आणखी एक ऐक. कॅडमियमसारख्या विषारी धातूचा त्रास झाला, की इ. कोलायच्या आरएनएंवर चार फॉस्फेटवाली निराळीच टोपी दिसायला लागते. न्यूयॉर्कच्या जोएल बेलास्कोंच्या गटानं २०१९मध्ये दाखवलं.”

“संकटात जास्त टोप्या शिवायला घेतात वाटतं?”

“तसं वाटतं खरं. पण आतली गोष्ट वेगळी. ती टोपी काढणारं आणि तिचा कच्चा मालही मोडणारं एपीएएच नावाचं एन्झाइमच त्या त्रासात लुळं पडतं. त्यामुळे टोपीचा कच्चा माल साचतो आणि घातलेली टोपी उतरतही नाही.”

“म्हणजे घालणाऱ्यावर डोळा ठेवून उपयोग नाही. काढणारा रजेवर आहे का, ते आधी विचारायचं!”

“हे कळलं ना, तर अर्धं बॅक्टेरियाशास्त्र कळलं तुला. जा आता, तुझा कुकर शिट्ट्या मारतोय कधीचा.”