ठळक बातम्या

आमच्या कचेरीत त्यांचं खरं नाव आता फक्त पगारपत्रकात उरलं आहे. एरवी सगळे त्यांना ‘ठळक बातम्या’ म्हणतात. सकाळी पावणेदहाला अंगठा लावून आत आले, की बूड टेकायच्या आधी पहिलं बातमीपत्र सुरू होतं. “काल साडेआठ वाजले निघायला! तारांकित प्रश्नाचं उत्तर गेलं एकदाचं!” उत्तराची माहिती तिघांनी गोळा केलेली असते, टंकलेखन चौथ्याचं असतं. यांनी जावक क्रमांक टाकून घेतलेला असतो. पण उत्तर ‘गेलं’ ते त्यांच्याच हातून, हे काही खोटं नाही.

माणूस कामचुकार मुळीच नाही. तुमच्याआमच्याइतकंच काम करतात. फक्त काम आणि कामाची बातमी यांच्यात अंतर पडू देत नाहीत. टेबलावर नस्ती येते आणि शाखेच्या ग्रुपवर संदेश पडतो, ‘प्रकरण हाती घेतले आहे.’ दुपारी ‘नियम तपासणे सुरू.’ संध्याकाळी ‘प्रकरण निकाली,’ पुढे जोडलेले दोन हात. प्रकरण म्हणजे शिपायाची पाच दिवसांची अर्जित रजा.

त्यांच्या पत्राचा मजकूर दोन ओळींचा असतो. खाली ‘प्रत माहितीस्तव सविनय सादर’ची यादी मात्र पान उलटून जाते. झिरो पेंडन्सीची मोहीम आली तेव्हा आम्ही सगळ्यांनी कपाटं आवरली, कागदांचे सहा गठ्ठे लावले, शिंका दिल्या. त्यांनीही आवरलं, पण आधी कपाटाचा फोटो काढून. मग ‘पूर्वी’ आणि ‘नंतर’ असे दोन फोटो शेजारी लावून थेट मोठ्या साहेबांकडे. आमची कपाटंही तेवढीच स्वच्छ झाली होती, पण ती आधी घाण होती याचा आमच्याकडे पुरावा नव्हता.

याच्या अगदी उलट आमच्या वेतनबिलाच्या बाई. महिनाअखेर मान मोडून बिलं काढतात. पण पगार झाला ही बातमी होत नाही. झाला नाही तरच होते. त्यामुळे बाईंचं नाव वर्षभर कोणाच्या तोंडी येत नाही आणि गोपनीय अहवालात शेरा येतो ‘ब+’, म्हणजे ‘निश्चित चांगला’.

ठळक बातम्यांना या ‘चांगला’ शब्दाची विलक्षण धास्ती आहे. २००८ सालचा देवदत्त खटला त्यांना तोंडपाठ आहे. “सीमा रस्ते सेवेतले कार्यकारी अभियंता. बढतीसाठी पाच वर्षं ‘फार चांगला’ हवं होतं. एका वर्षी वरच्यांनी नुसतं ‘चांगला’ लिहिलं, कळवलंही नाही. बढती गेली! शेवटी सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की प्रत्येक शेरा त्या माणसाला कळवलाच पाहिजे. आता सांगा, ‘चांगला’हून वाईट शब्द आहे का?”

मी त्यांना हसत आलो. पण यंदा ३१ मार्च उलटला, गोपनीय अहवालासाठीचं स्वयंमूल्यमापन भरायला बसलो आणि अडलो. अर्ध्या तासात एक वाक्य झालं: ‘नेमून दिलेली कामे वेळेत पूर्ण केली.’ तेवढ्यात ते मागे येऊन उभे राहिले.

“हे काय? निवृत्त झालात का?”

“मग काय लिहू?”

“किती प्रकरणं निकाली काढलीत?”

“मोजली नाहीत.”

“मोजली नाहीत! अहो, सरकार वाघसुद्धा मोजतं!”

त्यांनी माझी कार्यविवरण नोंदवही ओढली, खुर्ची घेतली आणि बोटाला थुंकी लावून मोजत बसले. चारशे बारा. आकडा ऐकून मला स्वतःबद्दलच आदर वाटायला लागला. वाक्यं त्यांनी सांगितली, मी लिहिली. प्रत्येक ठिकाणी मी घाबरून विचारत होतो, “हे जरा जास्त नाही ना होत?” आणि ते विचारत होते, “यातलं खोटं काय ते दाखवा.” दाखवता येईना.

मग ते उठून बाईंच्या टेबलाशी गेले. बाई म्हणाल्या, “पगार वेळेवर झाले, आणखी काय लिहायचं?”

“तेच लिहायचं. वर्षात बारा बिलं, एकही आक्षेप लागून परत नाही. लिहा.”

बाईंनी लिहिलं. लिहून झाल्यावर त्या स्वतःच्याच अक्षराकडे बराच वेळ बघत राहिल्या.

मी नरमलो. संध्याकाळी चहा पाजून म्हणालो, “राव, आमच्यासाठी तुम्ही अख्खा दिवस घालवलात. स्वतःचं मात्र सांगितलं नाहीत कुणाला.”

ते नुसते हसले. दुसऱ्या दिवशी त्यांचं स्वयंमूल्यमापन प्रतिवेदन अधिकाऱ्यांकडे गेलं. त्यात सातवा मुद्दा होता: ‘शाखेतील दोन सहकाऱ्यांना त्यांच्या स्वतःच्या कामाची जाणीव करून दिली.’

त्याची एक-एक प्रत आम्हा दोघांच्या टेबलावर होती. माहितीस्तव, सविनय.