हमरस्त्यावरील वास्तव्य : गुणदोष

पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर घर असणे हे पूर्वजन्मीच्या पुण्याचे फळ होय. येथे गजर लावावा लागत नाही. तावदाने थरथरली की उजाडले. २००० सालच्या नियमांनुसार व्यापारी भागात रात्री आवाजाची मर्यादा ५५ डेसिबल असून राजपत्रात ती तंतोतंत पाळली जाते. गॅलरीत वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळी राखाडी होऊन येतो, रंगणावळ न घेता. विसर्जन मिरवणूक दारावरूनच जात असल्याने, एरवी ओळख न देणारे आप्त आदल्या रात्रीच मुक्कामाला येतात.

दोष किरकोळ. समोरच्या दुकानातून दूध आणायचे तर निघण्यापूर्वी देवाला नमस्कार करावा लागतो.

रस्त्यालगतच्या जागेला भाव अर्थातच चढा असतो. तो मोजून झाल्यावर मालक दुहेरी काचा बसवून रस्ता बाहेर ठेवतो आणि स्वतः मागच्या, बोळाकडच्या खोलीत झोपतो.