नवउद्योजकांचा पोळा

पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड, तोंडात पुरणपोळी. दुसऱ्या दिवशी मानेवर पुन्हा जू. नवउद्योजकांचा पोळा १६ जानेवारीला. २०१६ साली याच दिवशी सरकारची ‘स्टार्टअप इंडिया’ योजना सुरू झाली, १०,००० कोटींचा निधी जाहीर झाला. तो थेट उद्योजकाच्या हाती पडत नाही बरं का! सिडबी ही सरकारी बँक तो गुंतवणूक फंडांना देते. फंड पुढे ज्याचं बरं चाललेलं दिसतं, त्याला. खासगी गुंतवणूकदार गाठावा, तर २०१२ पासून एंजल टॅक्स दारात उभाच: शेअरला सरकारी हिशेबापेक्षा जास्त भाव मिळाला, की वरची रक्कम ‘उत्पन्न’. देवदूतावर जकात! पुढे नोंदणीवाल्यांना सूट मिळाली, अर्थात अर्ज भरल्यावर. २०२४ च्या अर्थसंकल्पात कर सगळ्यांसाठीच उठला. बारा वर्षं पायावर दिलेला पाय सरकारने काढला, आणि उद्योजकांनी लंगडत लंगडत आभार मानले.